सायखेड्याची लोखंडाची खाण

आमच्या घरमालकांनी माझ्या हातचा पहिला चहा प्यायला, कप रिकामा केला, उलटा धरला आणि त्याचं बूड निरखून पाहिलं. मग कोटाच्या खिशातून एक काळपट दगड काढून कपाच्या बुडावर खर्रकन ओढला. मी नवी नवरी. नाशकात बिऱ्हाड मांडून आठवडाही झाला नव्हता. माहेरहून आलेल्या कपांना मी स्वतःसुद्धा जपून हात लावत होते.

"हे पाहा," ते म्हणाले. कपाच्या बुडाची कडा बिनचकाकीची असते, तिच्यावर तांबडी रेघ उमटली होती. "दगड काळा, रेघ तांबडी. म्हणजे हा हेमॅटाइट, लोखंडाचाच एक दगड. काळी रेघ आली असती तर मॅग्नेटाइट. दिसण्यावर कधी जाऊ नये, घासून पाहावं."

"मी घासून ठेवते," मी म्हटलं. मला वाटलं, ते कपाबद्दलच बोलताहेत.

सन एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. तांबट आळीच्या अंगाला त्यांचं दुमजली घर होतं आणि पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. माझे यजमान वकिलाच्या कचेरीत कारकून होते. घरमालकांना आम्ही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांचं सगळं आयुष्य सरकारी खात्यात दगड शोधण्यात गेलेलं. सिंहभूमच्या जंगलात, मध्य प्रांतात, म्हैसूरकडं, जिथं लोखंड असेल तिथं ते तंबू ठोकून राहिले. पेन्शन झाल्यावर नाशकात आले ते बैलगाड्या भरून दगड घेऊन. काकू सांगायच्या, "लोक बदली झाली की भांडीकुंडी आणतात. आमची भांडी तिकडंच राहिली, जागा उरली नाही म्हणून."

काका धोतर नेसायचे आणि त्यावर साहेबी टोपी घालायचे. कमरेला हातोडी असायची. जानव्याला लोक किल्ली बांधतात, यांनी नालाच्या आकाराचं लोहचुंबक बांधलं होतं. एकदा काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात काहीतरी विचारायला बोलावलं आणि ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या पोटाला तवा चिकटलेला होता. ते तसेच दारापर्यंत गेले. दारात कोणी भेटायला आलं होतं, त्याच्याशी सावकाश बोलले. तो गृहस्थ तव्याकडं बघत नुसता माना डोलावत राहिला. नंतर आळीत मात्र बातमी पसरली की काकांनी तव्याचं काहीतरी अनुष्ठान धरलंय.

रोज सकाळी ते चुंबकाला सुतळी बांधून गोदावरीच्या वाळूतून ओढत फिरायचे, कुत्रं फिरवावं तसं. चुंबकाला काळ्या वाळूची दाढी फुटायची. ती ते पुडीत भरत. "काळ्या पाषाणातलं लोखंड हे," ते सांगायचे. "दगड झिजतो, हलकं असतं ते नदी पुढं नेते, जड असतं ते वळणावर टाकते. नदी ही सूप आहे सूप! पाखडते!" एकदा रामकुंडाजवळ एक न्हावी कुणा यात्रेकरूची डोई करत बसला होता. काका आपल्याच तंद्रीत त्याच्या पाठीमागून गेले आणि खाली ठेवलेला वस्तरा चुंबकाला लागून त्यांच्यामागून निघाला. न्हाव्यानं हात मागं केला, तर वस्तरा नाही. यात्रेकरूचं अर्धं डोकं झालेलं. तो तसाच काकांच्या मागं धावला. न्हावी त्याच्या मागं. काकांना वाटलं, दोघांनाही वाळूत रस आहे. त्यांनी दोघांना सगळं समजावून सांगितलं आणि मगच वस्तरा दिला.

तांबट आळीत दिवसभर ठोकठोक चाले. काकांना आवाजाचा त्रास नव्हता, तांब्याचा होता. "तांबं हा काय धातू आहे? तो दागिना आहे," असं ते खिडकीतून ओरडून सांगायचे. तांबट हसायचे आणि आणखी जोरात ठोकायचे.

लोखंडाविषयी मात्र त्यांचं म्हणणं असं, की ते कुठं नाही? रक्तात आहे, मातीत आहे, नाशिकच्या काळ्या पाषाणात तर ठासून भरलंय. "पण कसं? पोह्यांत मोहरी असते तसं. मोहरी हवी म्हणून कोणी पोहे विकत घेतं का? लोखंड एका जागी गोळा झालं पाहिजे, तर ती खाण. आता ते गोळा कसं होतं, हीच सगळी मौज."

ही मौज ते स्वयंपाकघरात सांगत, कारण ऐकणारी माणसं तिथून उठून जाऊ शकत नसत. काकू तूप कढवत असल्या की काका पातेल्यात बोट दाखवायचे. "बेरी पाहा, तळाशी बसली. पृथ्वीच्या पोटात असाच तापलेला रस असतो. तो निवायला लागला की जड असतं ते खाली बसतं. हा लोखंडाचा एक प्रकार." ताकाला फोडणी दिली की म्हणायचे, "चर्र झालं ना? तापलेला खडक चुनखडीला भिडला की असंच चर्र होतं आणि दोघांच्या शिवेवर लोखंड जमतं. हा दुसरा." जांभा समजावताना त्यांनी चहाच्या गाळणीतून तांब्याभर पाणी ओतलं. "कोकणातला पाऊस असा वर्षानुवर्षं पडतो. विरघळेल ते वाहून जातं आणि मागं हा चोथा राहतो. तोच जांभा." चहा वाहून गेला होता. चोथा आम्ही पाहिला.

संक्रांतीला काकू हलवा करत बसल्या होत्या. तीळ परातीत हलवत वरून पाक सोडायचा, म्हणजे दाण्यावर साखरेचं एकेक पूट चढतं. काकांना ते पाहून भरून आलं. "अगं, विलायतेत अगदी असंच लोखंड आहे! उथळ समुद्रात वाळूचा कण गडगडत राहतो आणि त्याच्यावर लोखंडाची पुटं चढतात. त्याचा दगड होतो तेव्हा साबुदाण्यासारखा दिसतो. थांब, आणून दाखवतो." ते दगड शोधत बसले, काकू त्यांना "असेल तिथंच कुठंतरी" म्हणत बसल्या आणि हलवा करपला.

पण त्यांचा सगळ्यात लाडका प्रकार पट्ट्यांचा. एक पट्टी तांबड्या-काळ्या लोखंडाची, एक गारेची, म्हणजे पांढऱ्या गारगोटीची, पुन्हा लोखंडाची, पुन्हा गारेची. "फार फार जुना समुद्र होता," ते हळू आवाजात सांगायचे, देवळात बोलावं तसं. "मासा नाही, शिंपला नाही. पाण्यात लोखंड विरघळलेलं. ते निवांत खाली बसत गेलं. कोणाला घाई नव्हती."

माणसांनाही ते याच हिशेबानं ओळखत. माझे यजमान म्हणजे गाळ, अजून बसायचे आहेत. समोरच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या सासूबाई म्हणजे जांभा, "चांगलं होतं ते सगळं वाहून गेलंय, उरलाय तो निव्वळ कडकपणा." आणि स्वतःच्या लग्नाला ते चुनखडीला भिडलेला तापला खडक म्हणायचे. यातली चुनखडी कोण, असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "विचारलं नाही बाई मी. चर्र मात्र रोज होतं."

काकू बुटक्या, चपळ आणि नीटनेटक्या. त्यांच्या खाटेखाली दगड, बाजरीच्या कणगीत दगड, लुगड्यांच्या ट्रंकेत दगड. पाहुणा आला की आधी पाटावरचा दगड उचलायचा आणि मग पाहुण्याला बसवायचं. तरी त्या कधी मोठ्यानं बोलल्या नाहीत.

काकांच्या मनात एक सल होता. तो त्यांनी आमच्यासमोर एकदाच बोलून दाखवला. जंगलात एका डोंगरावरचं लोखंड त्यांनी आधी पाहिलं होतं. त्यांच्या साहेबानं ते नंतर पाहिलं आणि शोध साहेबाच्या नावावर लागला. "एक तरी जागा हवी होती हो," ते म्हणाले, "जिथं लोकांनी म्हणावं, ही यांनी शोधली." एवढं बोलून ते उठले आणि खिडकीतून तांबटांवर ओरडून आले.

एका पावसाळ्यानंतर सायखेड्याचे एक पाटील घरी आले. फडक्यात काहीतरी बांधून आणलेलं. फडकं सोडून त्यांनी ते काकांच्या मांडीवर ठेवलं.

"साहेब, वावरात निघालाय. नाल्याला पूर आला व्हता, त्यो वसरला आन् ह्यो वर आला. लय जड हाय. लोक म्हनले, तुमच्याबिगर कुनाला कळायचं नाय."

काकांनी दगड हातात तोलला. माझा कप मागवला, रेघ ओढली. मग जीभ लावून पाहिली. दगडाला जीभ लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. तांबडी पट्टी, गारेची पट्टी, तांबडी पट्टी. त्यांनी पट्ट्या बोटानं पुन्हा मोजल्या.

"अशक्य," ते म्हणाले. "नाशिकचा सगळा मुलूख म्हणजे निवालेली लाव्हा. पोळ्यांच्या चवडीसारखे थर. तिच्यात हा दगड येऊच शकत नाही. हा समुद्रात जमतो."

"पन आलाय की."

"आलाय! म्हणजे चवडीला कुठंतरी भोक पडलंय आणि त्या भोकातून खालचा जुना समुद्र वर डोकावतोय!"

"समिंदर?" पाटील घाबरले. "माझ्या वावरात? मंग आमच्या कांद्याचं कसं?"

दुसऱ्याच दिवशी टांगा करून काका सायखेड्याला गेले. माझे यजमान रजा टाकून बरोबर गेले. संध्याकाळी परत आले ते दोघंही मातीनं माखलेले आणि बडबडत. वावरात एकच नव्हे, सगळ्या प्रकारचं लोखंड सापडलं होतं! पट्ट्यांचं होतं, तळाशी बसणारं होतं, चुनखडीच्या शिवेवरचं होतं, जांभा होता आणि तो विलायतेचा साबुदाणासुद्धा होता. "जगाच्या पाठीवर एका वावरात इतके प्रकार कुठंही नाहीत," काका म्हणाले. "निसर्गानं हे सगळं माझ्यासाठी मांडून ठेवलंय, असं वाटलं मला!"

काकू भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठलं म्हणालात वावर?"

"नाल्याच्या कडेचं. वडापलीकडचं."

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "सायखेडंच कशाला हवं? चांदवडकडं बघा की एखादी खाण. तिकडची हवा चांगली आहे."

कोणी लक्ष दिलं नाही. पाटील खाण काढायला निघाले होते आणि माझ्या यजमानांना त्यांनी व्यवस्थापक करायचं कबूल केलं होतं. यजमानांनी वकिलाला नोकरी सोडत असल्याचं सांगून टाकलं आणि काकांसारखी टोपी विकत आणली. खाण अजून निघायची होती, पण टोपी घालून ते आमच्या दोन खोल्यांत हुकूम सोडत फिरू लागले. मी वाणसामानाचे पैसे पुन्हा पुन्हा मोजायला लागले. काकांना मात्र मी इतकं आनंदी कधीच पाहिलं नव्हतं. ते तांबटांशीही गोड बोलायला लागले होते.

एका रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत काकांचं व्याख्यान ठेवलं. गावातली प्रतिष्ठित मंडळी आली होती. सायखेड्याहून पाटील आले होते आणि त्यांच्याबरोबर गाव बघायला म्हणून पुष्कळ माणसं. आम्ही बायका एका कडेला बसलो होतो. काकूंना यायचंच नव्हतं. डोकं दुखतंय म्हणाल्या, मग पोट, मग गुडघा. काकांनी हट्टानं आणलं. "आज माझं नाव लागायचंय," ते म्हणाले, "आणि तू घरी?"

टेबलावर वावरातले दगड मांडले होते. व्याख्यान छान रंगलं. पट्ट्यांचा दगड झाला, साबुदाण्याचा झाला. मग काकांनी जांभ्याचा एक ओबडधोबड गोळा उचलला.

"हा जांभा. स्पंजासारखी भोकं पाहा. पावसानं बाकी सगळं धुऊन नेलं, लोखंड तेवढं राहिलं. आणि भोकांमध्ये हे पिवळं दिसतं, ते म्हणजे लोखंडाचंच गंजलेलं रूप." त्यांनी सवयीनं दगडाला जीभ लावली.

आणि ते थांबले. पुन्हा जीभ लावली. मग दगड नाकाजवळ नेला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"काय लागतंय?" पुढून कोणीतरी विचारलं.

काका पुटपुटले, "हिंग."

सभेत हिंग हा खनिजाचा कुठला प्रकार, अशी कुजबुज सुरू झाली. काकांनी ते पिवळं नखानं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. "हळद. मोहरी. तेल." त्यांनी मान वर केली आणि बायकांच्या बाजूला पाहिलं. काकूंनी पदर तोंडावर ओढला होता. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला, कारण त्यांच्या लोणच्याच्या बरणीत कैऱ्या दाबायला ठेवलेला असाच एक दगड मी पाहिला होता.

त्या क्षणी काका गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. हिंगाचा वास घेणारे तिथं दुसरे कोणी नव्हते. ते टेबलाशी नुसते उभे राहिले, एकेका दगडाकडं पाहत. आता ते त्यांना ओळखत होते. मग त्यांनी टोपी काढली.

"मंडळी, सायखेड्याला लोखंडाची खाण नाही. हे सगळे दगड माझ्या घरचे आहेत. मी..." ते अडखळले, "मीच नेऊन टाकले होते. विसरलो."

खोलीत एकच गलका झाला. पाटील उभे राहिले, माझ्या यजमानांनी टोपी काढून मांडीखाली घेतली. कोणीतरी हसलं, कोणीतरी "लबाड!" म्हणालं. तो शब्द ऐकल्याबरोबर काकू ताडकन उठल्या.

"काय म्हणून खोटं बोलता?" त्या भर सभेत म्हणाल्या. "घरातला पाट तरी उचललाय का कधी तुम्ही? मी टाकले! सायखेड्याचे चाचा आमच्याकडं भाजी घालतात. परत जाताना त्यांच्या गाडीत मी दगड भरून द्यायची. विचारा त्यांना, मागंच बसलेत."

भाजीवाले चाचा खरोखरच मागं बसले होते. ते कसनुसे उभे राहिले. "काकू बोलल्या, चाचा, जाताना हे घेऊन जा. रिकामी गाडी लई उडते, दगड टाकले की बसते. नाल्याची कड ढासळत होती, तिथं टाकले. मला काय मालूम, त्यांची खाण होईल म्हणून!"

पाटलांनी आधी चाचांकडं पाहिलं, मग काकूंकडं आणि मग ते इतके हसायला लागले की त्यांना खाली बसवावं लागलं. "म्हंजी समिंदर नाय ना?" ते डोळे पुसत म्हणाले. "वाचलो! मंग कांदा लावतो."

सभा तिथंच संपली. यजमान दुसऱ्या दिवशी वकिलाकडं गेले. नोकरी सोडतो म्हटलेलं वकिलांनी मनावरच घेतलं नव्हतं. टोपीत मी लसूण ठेवायला लागले.

काका-काकूंच्या घरात मात्र काही दिवस आवाज नव्हता. चर्रसुद्धा नाही. मग एका सकाळी मी विरजण मागायला गेले, तेव्हा काका दारातच विचारत होते, "किती नेलेस?"

"मोजले नाहीत," काकू म्हणाल्या. "घरात चालायला वाट झाली तेव्हा थांबले."

"मला कळलंसुद्धा नाही."

"तेच तर," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आज एक गेला, उद्या दुसरा गेला, तुम्हाला पत्ता नाही. मला वाटायचं, एखाद दिवशी गाडीत मीच बसून गेले तर कळेल का यांना?"

काका चुंबकाशी चाळा करत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तू गेली असतीस तर मला हिंगावरून कळलं असतं."

काकू हसू दाबत आत गेल्या. मला विरजण द्यायला मात्र विसरल्या.

पाटलांचा निरोप आला की कांदा लावायचाय, दगड घेऊन जा. म्हणून आम्ही तिघं चाचांच्या गाडीतून सायखेड्याला गेलो, काका, काकू आणि मी. काकांनी एकेक दगड उचलायचा, काकूंनी "हा ठेवायचा की नाही" ते सांगायचं, असं ठरलं होतं. काकांनी एकाही दगडावर वाद घातला नाही. निम्मे नाल्याच्या कडेलाच राहिले आणि निम्मे गाडीत चढले.

सगळ्यात मोठा, पट्ट्यांचा धोंडा वडाखाली होता. त्याला शेंदूर फासला होता. समोर नारळ फोडलेला, दोन उदबत्त्या लावलेल्या. एक म्हातारी त्याच्यावर तांब्यानं पाणी घालत होती. काका पुढं झाले तशी ती आडवी उभी राहिली.

"याला हात लावायचा न्हाय. ह्यो नवसाला पावतो. माझी म्हैस ह्याच्यामुळंच गाभण ऱ्हायली."

"आजी, हा माझा..." काका म्हणाले आणि थांबले.

"कुठला हाय देव, ठावं हाय का तुम्हाला?"

"सिंहभूमचा," काका म्हणाले. "त्याच्या आधी समुद्रातला."

"लय लांबून आलाय मंग," म्हातारी म्हणाली. "दमला आसंल." आणि तिनं उरलेलं पाणी त्याच्यावर सावकाश ओतलं. पाण्यानं शेंदूर जरा ओघळला आणि खालच्या पट्ट्या चमकल्या, तांबडी, पांढरी, तांबडी. काका पाहत राहिले. मग चपला काढून ते बाजूला झाले.

काकू पुढं आल्या. डोक्यावरून पदर घेतला, वाकून धोंड्याला नीट नमस्कार केला आणि हात जोडून, आम्हाला ऐकू येईल इतकं स्पष्ट म्हणाल्या, "देवा, इथं तुझं बरं चाललंय. सुखानं राहा. घरी येऊ नकोस."